गोळी एकदम बंद करू नये: एका ओळीचा इतिहास



तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटच्या नाहीतर नेटच्या तयारीत असणार. भेटलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "विषय कुठून आणायचा?" विषय शोधायला दरवेळी पुराभिलेखागारात जावं लागतं असं नाही. कधी कधी तो घरातल्या औषधांच्या डब्यात पडलेला असतो. माझ्या बाबतीत तसंच झालं, तेच आज सांगते.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या आत्याने रक्तदाबाची गोळी बंद केली. कारण साधं होतं. आरोग्य केंद्रात बीपी मोजलं, ते नॉर्मल आलं. "नॉर्मल आलं म्हणजे बरं झालं, आता कशाला रोज गोळी?" हा तिचा हिशोब. त्यात उपास सुरू होते. पाचव्या दिवशी पहाटे तिच्या छातीत दाबल्यासारखं झालं, दरदरून घाम फुटला. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची म्हणून डॉक्टरांनी दुसरी एक गोळी दिलेली होती. पण ती कुठे ठेवलीय हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. नंतर सापडली ती देवघरात, प्लास्टिकच्या एका डबीत, वातींच्या शेजारी.

आत्या वाचली. दवाखान्यात पडल्या पडल्या मी तिच्यावर चिडले, "चिठ्ठीवर लिहिलं होतं ना, गोळी एकदम बंद करू नये म्हणून?" ती म्हणाली, "वाचलं होतं गं. पण का बंद करायची नाही, ते कुठे लिहिलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतिहासात पीएच.डी. करणारी मी, एका ओळीमागचं कारण सांगू शकले नाही. मग शोधायला लागले, आणि लक्षात आलं की औषधाच्या चिठ्ठीवरच्या या सूचना म्हणजे आपल्या भाषेत ऐतिहासिक साधनंच आहेत. प्रत्येक ओळीमागे कोणीतरी काहीतरी सोसलेलं आहे. ओळ उरली, सोसणं गळून गेलं. आज चार ओळी घेऊ.

पहिली ओळ: बसून घ्यावी, जिभेखाली ठेवावी

छातीत दुखण्यावरचं सगळ्यात जुनं आणि आजही वापरात असलेलं औषध म्हणजे नायट्रोग्लिसरिन. होय, सुरुंगातलंच. इटलीत तुरीनला आस्कानिओ सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने १८४७ च्या सुमारास ते बनवलं आणि किंचित चाखून पाहिलं, तर डोकं भयंकर दुखलं. ही डोकेदुखी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८५८ मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड फील्ड या डॉक्टराने लिहिलं की याचे दोनच थेंब घेतल्यावर आपली अवस्था वाईट झाली, पण दुखणं थांबवायला ते उपयोगी पडतं. लगेच दुसऱ्या डॉक्टरांनी प्रयोग करून छापलं की आम्हाला तर विशेष काही झालं नाही. वाद तिथेच राहिला, आणि औषध जवळजवळ वीस वर्षं बाजूला पडलं.

मधल्या काळात १८६७ मध्ये एडिनबरोच्या रुग्णालयात लॉडर ब्रंटन या तरुण डॉक्टराने अमिल नायट्राइट नावाचं द्रव्य हुंगायला देऊन छातीतली कळ मिनिटभरात थांबवून दाखवली. पण तो परिणाम फार थोडा वेळ टिकायचा.

मग आला विल्यम मरेल, लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमधला डॉक्टर. त्याने तो जुना वाद वाचला आणि खरं कोण बोलतंय ते तपासायचं ठरवलं. एके दुपारी बाह्यरुग्ण तपासताना खिशातल्या बाटलीची त्याला आठवण झाली. त्यात एक टक्का नायट्रोग्लिसरिन होतं. चव बघावी म्हणून त्याने ओलं बूच जिभेला लावलं. तेवढ्यात पुढचा रुग्ण आत आला आणि तो ही गोष्ट विसरूनही गेला. चारपाच प्रश्न विचारून होतात न होतात तोच त्याचं डोकं ठणकायला लागलं, मानेतल्या शिरा उडायला लागल्या. हृदयाचा प्रत्येक ठोका इतका जोरात पडत होता की हातातला पेन हिसके खात होता. त्यानंतर त्याने हे औषध स्वतःवर ३०–४० वेळा आणि आणखी ३५ जणांवर करून पाहिलं, मग छातीच्या दुखण्याच्या रुग्णांना दिलं आणि १८७९ मध्ये 'द लान्सेट'मध्ये लेखमाला लिहिली.

आता चिठ्ठीवरची ओळ परत वाचा. जिभेखाली का, तर तिथून औषध थेट रक्तात जातं. गिळलं तर आधी यकृतात जातं आणि त्यातलं बरंचसं तिथेच मोडून निघतं. बसून का, तर रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब उतरतो, उभा माणूस चक्कर येऊन पडू शकतो. आपल्याकडे बहुतेकांना माहीत असलेली सॉर्बिट्रेट, म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, याच घराण्यातली.

संशोधनाच्या दृष्टीने इथे काय शिकायचं? फील्ड आणि त्याचे विरोधक यांच्यात कोणीतरी खोटं बोलत होतं असं आपल्याला पटकन वाटतं. पण औषध किती घेतलं, कसं घेतलं आणि कोणी घेतलं यावर परिणाम बदलतो, म्हणून दोघांचीही नोंद प्रामाणिक असू शकते. दोन साधनं एकमेकांच्या विरोधात गेली की लगेच एकाला बाद करू नका. दोन्ही नोंदी कोणत्या परिस्थितीत झाल्या ते आधी बघा. मरेलने नेमकं तेच केलं.

दुसरी ओळ: मूळ बाटलीतच ठेवावी

ही ओळ वाचून मला वाटलं होतं, कंपनीचा काहीतरी नखरा असणार. पण नायट्रोग्लिसरिन हा उडून जाणारा पदार्थ आहे. गोळी तशीच दिसते, औषध मात्र त्यातून हळूहळू निघून जातं. प्लास्टिकची डबी ते शोषून घेते, बाटलीत कापूस असेल तर तोही शोषतो. म्हणजे रात्री दोन वाजता छातीत कळ आल्यावर माणूस जी गोळी जिभेखाली ठेवणार, ती कदाचित नुसता खडू असते.

अमेरिकेत १९७० च्या आसपास औषधशास्त्रज्ञांनी हे मोजून दाखवलं. १९७२ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने नियम केला की या गोळ्या धातूच्या फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या मूळ बाटलीतच द्यायच्या. दुकानदाराने मोजून दुसऱ्या डबीत भरायच्या नाहीत.

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. त्याच सुमारास, १९७० मध्ये, तिथे आणखी एक कायदा झाला होता. लहान मुलं औषधं खाऊन दगावू नयेत म्हणून औषधांच्या बाटल्यांना मुलांना उघडता येणार नाही असं झाकण असायला हवं, असं तो कायदा सांगत होता. दाबून फिरवायचं ते झाकण आठवा. आता हृदयाचा म्हातारा रुग्ण, हात थरथरतायत, अंगाला घाम सुटलाय, आणि ते झाकण उघडत नाहीये! म्हणून जिभेखालच्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्यांना या अटीतून सूट दिली गेली. एका बाजूला नातवाची सुरक्षा, दुसऱ्या बाजूला आजोबांची, आणि मध्ये एक झाकण. ज्यांना वस्तूंच्या इतिहासावर काम करायचंय त्यांनी हे झाकण डोळ्यांसमोर ठेवावं. समाज कोणाचा धोका मोठा मानतो हे अशा बारीकसारीक वस्तूंवर लिहिलेलं असतं.

आत्याची गोळी नायट्रोग्लिसरिनची नव्हती, डायनायट्रेटची होती. ती इतक्या सहज उडून जात नाही. पण पट्टीतून सुटी करून डबीत टाकली की नाव गेलं, ताकद किती मिलिग्रॅम ते गेलं, मुदत संपायची तारीखही गेली. घरच्यांना गोळी सापडली असती, तरी ती कसली हे ओळखता आलं नसतं.

तिसरी ओळ: गोळी एकदम बंद करू नये

ही आत्याची ओळ. हिचा इतिहास मला दवाखान्यात सापडेल असं वाटलं होतं, पण त्याची सुरुवात कारखान्यात होते.

नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत हजारो कामगार रोज नायट्रोग्लिसरिन हाताळू लागले. ते त्वचेतून आणि श्वासातून अंगात जायचं. नवीन कामगाराचं डोकं फुटायची वेळ यायची. सोब्रेरोची तीच डोकेदुखी. तीनचार दिवसांत शरीराला सवय व्हायची आणि डोकं थांबायचं. रविवारी सुट्टी, सवय मोडायची, सोमवारी पुन्हा डोकेदुखी. यावर कामगारांनी स्वतःच उपाय काढला होता. सुट्टीच्या दिवशी टोपीच्या पट्टीला थोडं नायट्रोग्लिसरिन चोळून ठेवायचं, म्हणजे सवय टिकते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वैद्यकीय लेखांत याच्या नोंदी आहेत.

इथे एक मिनिट थांबा. "शरीराला या औषधाची सवय होते आणि ते अचानक थांबलं की त्रास होतो" हे ज्ञान प्राध्यापकांच्या आधी या कामगारांकडे होतं, आणि ते त्यांच्या टोपीत होतं. शोध कोणी लावला असं विचारलं की आपण लेखाखालचं नाव वाचतो. लेखात ज्यांचं वागणं नोंदवलंय त्यांना नाव नसतं. वैद्यकाच्या इतिहासावर काम करणार असाल तर ही सवय लावून घ्या: लेख कोणी लिहिला हे एका रकान्यात, आणि माहिती मुळात कोणाच्या शरीरातून आली हे दुसऱ्या रकान्यात.

पण डोकेदुखी ही छोटी गोष्ट होती. १९७२ मध्ये 'सर्क्युलेशन' या हृदयरोगाच्या नियतकालिकात लँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दारूगोळा कारखान्यातल्या ९ जणांची माहिती छापली. यांना छातीत दुखायचं ते कामावर नाही, तर काम सोडून घरी गेल्यावर एकदोन दिवसांनी. ज्यांची अँजिओग्राफी झाली त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळाच सापडला नाही. म्हणजे वाहिन्या चांगल्या होत्या. पण आठवडाभर औषधाने सैल ठेवलेल्या वाहिन्यांना विरोध करायला शरीर शिकलं होतं. औषध गेलं, विरोध राहिला, आणि वाहिन्या आवळल्या.

आता याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. स्कॉटिश संशोधक जेम्स ब्लॅक याने आयसीआय कंपनीत काम करताना प्रोप्रॅनोलॉल शोधलं, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर ते वापरात आलं. हा बीटा ब्लॉकर. ॲड्रेनॅलिन हृदयाला 'पळ पळ' म्हणतं, त्या हाकेसमोर हे औषध कान बंद करतं. हृदय संथ चालतं, त्याला प्राणवायू कमी लागतो, छातीतलं दुखणं कमी होतं. त्याने रक्तदाबही उतरतो हे लवकरच लक्षात आलं. ब्लॅकला पुढे १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

औषध इतकं चांगलं, तर मग ते थांबवलं तर काय होईल? हा प्रश्न सुरुवातीला फारसा कोणी विचारला नाही. १९७३ पासून एकेक नोंद छापून येऊ लागली की औषध अचानक बंद केल्यावर रुग्णाला हृदयविकाराचा झटका आला. मग १९७५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांचा २० रुग्णांचा लेख आला. हे छातीच्या दुखण्याचे रुग्ण एका औषधचाचणीत होते. प्रोप्रॅनोलॉल एकदम थांबल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्यांच्यातल्या काहींचं दुखणं गंभीर झालं. मृत्यूही झाले. त्यानंतर हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत गेला. आज या वर्गातल्या औषधांवर तो असतो, आणि आत्याच्या चिठ्ठीवरही तोच होता.

कारण नंतर उलगडलं. कान बंद ठेवले की शरीर जास्त कान उगवतं, म्हणजे पेशींवर ॲड्रेनॅलिन पकडणाऱ्या जागा वाढतात. गोळी एकदम थांबली की ते सगळे कान एकदम उघडतात. म्हणून गोळी थांबवायचीच असेल तर डॉक्टर ती हळूहळू कमी करत नेतात.

आता एक सावधगिरी. कारखान्यातले कामगार आणि १९७५ चे रुग्ण या दोन गोष्टी मी शेजारी ठेवल्या, कारण दोन्हींत 'थांबवल्यावर त्रास' हा आकार सारखा आहे. पण औषधं वेगळी, शरीरातली यंत्रणाही वेगळी. एकावरून दुसरं निघालं असं मी म्हटलं, तर ती माझी कादंबरी होईल. साम्य दिसणं ही संशोधनाची सुरुवात असते, संबंध दाखवायला पुरावा लागतो. मुलाखतीत परीक्षक नेमका इथेच पकडतात.

आणखी एक. ते २० रुग्ण चाचणीत कसे आले, त्यांना धोका कितपत सांगितला गेला होता, असे प्रश्न तुम्हाला पडले असतील तर चांगली गोष्ट आहे. आज लाखो लोक ज्या एका ओळीमुळे सुरक्षित आहेत, ती ओळ या लोकांच्या जिवावर लिहिली गेली. मला ती ओळ आता नुसती सूचना म्हणून वाचता येत नाही.

चौथी ओळ: इतर औषधं चालू असल्यास डॉक्टरांना सांगावं

ही थोडक्यात, पण सोडता येणार नाही. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, हे औषध मुळात छातीच्या दुखण्यासाठी तपासलं जात होतं. ते त्यात चाललं नाही, वेगळ्याच कामाला आलं, आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. नायट्रेटची गोळी रक्तवाहिन्या सैल करणारा जो संदेश देते, तोच संदेश हे औषध लांबवतं. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली येऊ शकतो. म्हणून नायट्रेट घेणाऱ्याने हे औषध घ्यायचंच नाही, ही सूचना पहिल्यापासून होती. पण सूचना वाचणं आणि डॉक्टरसमोर तोंड उघडून सांगणं यात लाज उभी असते. घरच्यांपासून लपवलेली गोळी दवाखान्यातही लपवली जाते, आणि मग तिथे कोणीतरी भल्या हेतूने जिभेखाली नायट्रेट ठेवतं.

हा संदेश म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. त्याचं काम उलगडणाऱ्या तिघांना त्याच वर्षी, १९९८ मध्ये, वैद्यकाचं नोबेल मिळालं. ज्याच्या पैशातून हे पारितोषिक दिलं जातं, त्या आल्फ्रेड नोबेललाही शेवटच्या काळात हृदयासाठी नायट्रोग्लिसरिनच लिहून दिलं होतं. ऑक्टोबर १८९६ च्या एका पत्रात त्याने यावर विनोद केला आहे. लोक घाबरू नयेत म्हणून डॉक्टर त्याला ट्रिनिट्रिन म्हणतात, असंही त्यात लिहिलंय. दीड महिन्यानंतर तो गेला.

आता तुमचं काम

घरी जाऊन कोणत्याही एका औषधाचं माहितीपत्रक उघडा, त्यातली एकच ओळ निवडा आणि तिला चार प्रश्न विचारा. ही ओळ पहिल्यांदा कधी आली? ती येण्याआधी काय घडलं होतं? ते कोणाच्या बाबतीत घडलं? आणि ती ओळ आज ज्याच्या हातात पडते त्याला कारण सांगितलं जातं का? वैद्यकीय नियतकालिकांचे जुने अंक, सरकारी राजपत्रं, जुनी माहितीपत्रकं, कामगारांच्या आठवणी, सगळी साधनं आपोआप समोर येतील. आराखड्याचं पहिलं पान तयार होईल.

आणि घरात कोणाला बीपी किंवा छातीचा त्रास असेल तर हेही करा. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करायची नाही, ते बहुधा गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं. उपास असेल, गोळीने त्रास होत असेल, पैशाची अडचण असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. तिन्हींवर मार्ग निघतो. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. जिभेखालची गोळी तिच्या मूळ पट्टीत किंवा बाटलीत, सगळ्यांना माहीत असलेल्या एकाच जागी ठेवा. कळ आली की बसायचं आणि डॉक्टरांनी सांगितलंय तसं घ्यायचं. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर वाट बघत बसू नका, १०८ ला फोन करा. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आयुर्वेदिक धरून, एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. आणि हा लेख वाचून कोणाचाही डोस बदलू नका. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही.

आत्याला मी हे सगळं सांगितलं, टोपीच्या पट्टीपासून त्या वीस जणांपर्यंत. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढं झालंय होय या एका ओळीपायी? मग एवढंसं कशाला लिहितात?"

तिच्या गोळ्या आता देवघरात नसतात. स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी असतात, पट्टीसकट. पट्टीला तिने रबर लावून एक चिठ्ठी अडकवलीय. त्यावर तिच्या अक्षरात लिहिलंय: "एकदम बंद करू नये. शरीराला सवय झालेली असते."

पहिलं वाक्य डॉक्टरांचं आहे, दुसरं तिचं.